पेपरात ओहम, रूममध्ये रामभरोसे

फर्स्ट इयरला ब्रँच कुठलीही असो, बेसिक इलेक्ट्रिकल कुणाला चुकत नाही. ओहमचा नियम, किरचॉफचे नियम, पॉवर म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट, सगळं तोंडपाठ! पेपर झाला की पुस्तक ज्युनियरकडे आणि नियम वाऱ्यावर. मग हाच भावी इंजिनिअर डिसेंबरच्या सकाळी काय करतो? पलंगाखालच्या एक्स्टेंशन बोर्डात पाणी तापवायचा रॉड लावतो, त्याच बोर्डात इस्त्री लावतो, आणि रॉडचा प्लग तुटलेला असेल तर उघड्या वायरी सॉकेटात कोंबून वर आगपेटीच्या काड्या खुपसतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "काही होत नाही रे, गेली तीन वर्षं असंच चालतंय!"

होईपर्यंत काहीच होत नसतं, मित्रांनो.

चला, फर्स्ट इयरचंच गणित करू. रॉड १५०० वॅटचा, इस्त्री १००० वॅटची. २५०० भागिले २३०, म्हणजे जवळजवळ ११ अँपिअर. आपला नेहमीचा छोटा सॉकेट आणि साधा एक्स्टेंशन बोर्ड असतो ६ अँपिअरचा. करंट पावणेदोन पटीच्या वर गेला, पण उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे ती तिपटीहून जास्त! त्यात काडी खुपसलेला ढिला काँटॅक्ट असेल तर तिथला रेझिस्टन्स जास्त, म्हणून तापायची सुरुवात तिथूनच. बोर्डाचा काळवंडलेला कोपरा आणि जळकट वास यांचा अर्थ एवढाच. उलट, चार लॅपटॉपचे चार्जर एकत्र लावले तरी तीनेकशे वॅटच्या आसपास. भानगड चार्जरची नाही, तापवणाऱ्या वस्तूंची आहे. (म्हणून मोबाईल उशीखाली चार्जिंगला लावून झोपा असं मात्र नाही. तिथे उष्णतेला बाहेर पडायला वाट नसते.)

दुसरा गैरसमज, "खाली एमसीबी आहे ना, पडेल की." एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला नाही. १६ अँपिअरच्या एमसीबीला ओल्या अंगातून गेलेले १०० मिलिअँपिअर दिसतही नाहीत, आणि माणसाचं हृदय बंद पडायला तेवढे पुरतात. माणसासाठी असतो तो आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरची गळती झाली की लाईन तोडणारा. तुमच्या मजल्यावर तो आहे का? त्याचं टेस्टचं बटण शेवटचं कुणी दाबलं होतं? आणि मजल्याचा मेन स्विच नक्की कुठे आहे? हे तीन प्रश्न आज रात्री मेसमध्ये विचारून बघा. उत्तरं ऐकण्यासारखी असतील.

मेन स्विच माहीत असणं का महत्त्वाचं, तेही सांगतो. रूममेटला शॉक बसला तर पहिली चूक होते ती त्याला धरायला धावण्याची, आणि एकाचे दोन होतात. आधी मेन बंद. ते जमण्यासारखं नसेल तर कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीने त्याला वायरीपासून वेगळं करा. हाक मारून उत्तर नाही, श्वास नाही, तर एकाने १०८ ला फोन करायचा आणि दुसऱ्याने छातीच्या मधोमध जोरात दाबायला लागायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत. रॉड वापरणारच असाल तर नियम साधे आहेत. सॉकेट १६ अँपिअरचा, बादली प्लॅस्टिकची, रॉड पाण्यात गेल्यावरच स्विच चालू, आणि पाणी किती तापलं हे बघायला बोट घालण्याआधी स्विच बंद करून प्लग बाहेर.

आता थोडं स्टाफसाठी, रागावू नये ही विनंती. दर सेमिस्टरला रूम चेकिंग होतं, रॉड आणि शेगड्या जप्त होतात, दंड होतो. आठवड्याभरात नवा रॉड कपाटामागे हजर! जप्तीने रॉड संपत नाही, तो लपतो. आणि लपवलेला रॉड जास्त धोक्याचा, कारण तो दार लावून, घाईघाईत आणि मिळेल त्या सॉकेटावर चालतो. मुलं हौसेने रॉड लावत नाहीत. गरम पाणी सहा ते सात एवढंच येतं आणि शेवटच्या मजल्यापर्यंत पोचत नाही, म्हणून लावतात. माझ्या मते जप्तीआधी दोन गोष्टी व्हाव्यात. प्रत्येक मजल्यावर आरसीसीबीसह दोन-तीन १६ अँपिअरचे पॉइंट, आणि इलेक्ट्रिकलच्या फायनल इयरला दरवर्षी हॉस्टेलच्या वायरिंगची तपासणी करण्याचं काम, अर्थात सरांच्या देखरेखीखाली. कागदावर एनर्जी ऑडिट करण्यापेक्षा हे प्रोजेक्ट बरं.

तुम्ही म्हणाल, याचा अभ्यासाशी काय संबंध? सरळ आहे. रात्री दोनला शेगडीवर चहा उकळतो तो कशासाठी? उद्याच्या एम-थ्रीसाठी. 'काही होत नाही' आणि 'एका नाईटमध्ये होऊन जाईल' ही सख्खी भावंडं आहेत. १९९७ साली डॉसन आणि रीड या संशोधकांनी 'नेचर'मध्ये दाखवलं, की सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरते. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा आहे ०.०३ टक्के. म्हणजे सकाळी सहाला उठलेला पोरगा रात्री अकरालाच त्या अवस्थेत पोचला. तो रात्रभर जागून पेपर देतो, आणि सुटल्या सुटल्या गाडीवर ट्रिपल सीट, हेल्मेट आरशाला टांगून, हायवेवर! दारू प्यायलेल्याच्या मागे आपण बसणार नाही, मग याच्या मागे का बसतो? पेपरनंतर आधी झोपा, पार्टी संध्याकाळी करा.

आणि नाईट मारून पदरात पडतं काय? रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. एका गटाने उतारा दोनदा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्याने मात्र लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं आणि नुसतं वाचणाऱ्यांना ४२ टक्के. आपल्या भाषेत सांगायचं तर हायलायटर कमी, कोरा कागद जास्त. लेक्चर झालं त्याच दिवशी रात्री वीस मिनिटं वही मिटून डेरिव्हेशन लिहा. रविवारी आठवड्याचे प्रॉब्लेम सोल्यूशन न बघता सोडवा. पी.एल. उजळणीसाठी असते, पहिली ओळख करून घ्यायला नव्हे. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याला पाणी लागतं, नाही असं नाही, पण बहुतेक वेळा के.टी.च लागते.

थोडक्यात, सुरक्षितता काय किंवा अभ्यास काय, दोन्ही आधी करायच्या गोष्टी आहेत. उद्या आपल्या सहीवर कुणाचं तरी घर, कुणाचा तरी कारखाना उभा राहणार आहे. तिथे आगपेटीची काडी चालणार नाही. ती सवय मोडायला हॉस्टेलची रूम ही उत्तम लॅब आहे, आणि या लॅबचं जर्नल लिहावं लागत नाही! तेव्हा हे पान उलटण्याआधी एकदा पलंगाखाली वाकून आपला बोर्ड तेवढा बघा.