समुद्रतळाचा गाळ आणि आटपाडीची बोअर

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही १८५१ साली स्थापन झालेली संस्था. कंपनी सरकारला रेल्वेसाठी आणि आगबोटींसाठी कोळसा हवा होता, त्यातून ती उभी राहिली. आज तिचा एक विभाग समुद्रात काम करतो. ‘समुद्र रत्नाकर’सारखी तिची जहाजे तळाचा गाळ वर काढतात आणि तो प्रयोगशाळेत तपासला जातो. अशा सर्वेक्षणाच्या आधारे केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये समुद्रातल्या १३ खनिजपट्ट्यांचा लिलाव जाहीर केला. त्यात केरळसमोरची बांधकामाची वाळू, गुजरातसमोरचा चुन्याचा गाळ आणि ग्रेट निकोबारजवळची धातूंची ढेकळे आहेत.

आटपाडीला या जहाजांचे काय, असे कोणीही विचारेल. अरबी समुद्र पश्चिमेला सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आत आहे, पण माणदेशाचे पाणी तिकडे जात नाही. माणगंगा भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि इथली माती शेवटी बंगालच्या उपसागरात पोचते. २००६ साली एका मोहिमेने गोदावरीच्या मुखासमोर तळात खोल छिद्र पाडले ते वायूच्या शोधात. त्या गाळातल्या सूक्ष्म शिंपल्यांनी आणि वनस्पतींच्या अवशेषांनी वेगळेच सांगितले : मध्य भारत गेली सुमारे चार हजार वर्षे टप्प्याटप्प्याने कोरडा होत आला आहे. माणदेशाचा दुष्काळ गेल्या पिढीतला नाही, हे जाणत्यांना ठाऊक होतेच. समुद्रानेही तेच सांगितले.

एवढ्या बारकाईने समुद्रतळ वाचणाऱ्या देशात पायाखालचे पाणी मात्र कमी वाचले जाते. त्याला थोडा इतिहास आहे. १९७२ साली, त्या मोठ्या दुष्काळात, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा भूजल विभाग वेगळा काढून केंद्रीय भूजल मंडळात विलीन झाला. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. खडक एकाकडे, पाणी दुसऱ्याकडे, आजार तिसऱ्याकडे अशी वाटणी झाली. कारभाराच्या सोयीला ती ठीक असेल, पण रुग्णाच्या केसपेपरवर या तिघांची गाठ क्वचितच पडते.

आटपाडीचा खडक बेसॉल्टचा. वर मुरूम, खाली मांजऱ्या, मधे कुठे तांबडा थर आणि त्याखाली काळा पाषाण. विहिरीचे पाणी मुरमातले, ताजे. पण शेणखत, युरिया, शोषखड्डा सगळे त्यात लवकर मुरते. खोल बोअरचे पाणी वर्षानुवर्षे खडकात थांबलेले, म्हणून जास्त क्षारांचे. पाचशे फूट खाली गेले की पाणी स्वच्छच मिळते, हा समज चुकीचा आहे.

या पाण्यामुळे मुतखडा होतो, असे गावोगाव म्हटले जाते. त्याला भक्कम पुरावा नाही. खडे होण्याचे मोठे कारण साधे आहे : उन्हात राबणारा माणूस पाणी कमी पितो आणि लघवी घट्ट होते. जड पाण्याच्या भीतीने त्याने पाणीच कमी केले तर खडे वाढतील. फ्लोराइडही बेसॉल्टमध्ये सहसा कमी असते. यवतमाळ, चंद्रपूरकडे दात आणि हाडांचा जो त्रास दिसतो, तो इथे सरसकट नाही. तरी खोल बोअरची एकदा तपासणी हवीच. मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५.

खरी काळजी नायट्रेटची आहे. टेंभूचे पाणी आले, बागायत वाढली, आणि जिथे बागायत वाढते तिथे खतेही वाढतात. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. पाण्याला वास नाही, रंग नाही, चव नाही. सहा महिन्यांखालच्या बाळाला अशा पाण्यात कालवलेले वरचे दूध दिले, तर रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेईनासे होते. बाळ निळसर-करडे पडते. अशा वेळी आधी हृदयाची किंवा फुप्फुसाची शंका येते आणि ती घ्यायलाही हवी. पण ऑक्सिजन लावूनही रंग सुधारत नसेल, रक्त चॉकलेटी दिसत असेल, तर घरच्या पाण्याची चौकशी त्याच क्षणी व्हावी. उपचार आहे, मिथिलिन ब्लू. मात्र तो सुचला पाहिजे.

ग्रामपंचायतीला मिळालेले हिरवे कार्ड इथे फसवते. ते कार्ड स्रोताभोवतीची घाण, गळती, टीसीएलचा साठा आणि वापर पाहून दिले जाते. जुलाब आणि कावीळ रोखायला ते मोलाचे आहे, पण नायट्रेटबद्दल ते काही सांगत नाही. टीसीएलने नायट्रेट जात नाही. उकळल्याने तर ते वाढते, कारण पाणी आटते आणि क्षार मागे राहतो. सुईणीपासून डॉक्टरपर्यंत सगळे ‘बाळाला पाणी उकळून द्या’ म्हणत आले आहेत. जंतूंसाठी ते बरोबर, नायट्रेटसाठी उलटे.

त्यासाठी जहाज लागत नाही. जलजीवन मिशनमध्ये गावागावांत पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायचे ठरले, किटही दिली. ती कपाटातून बाहेर काढावीत. आकडे पंचायतीच्या फळ्यावर आणि आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीवर एकाच दिवशी लागावेत. केसपेपरवर एक ओळ वाढवावी : पाणी विहिरीचे, बोअरचे की नळाचे, आणि बोअर किती फूट? सर्वेक्षणाचे भू-रासायनिक नकाशे आता ‘भूकोश’ संकेतस्थळावर खुले आहेत. तालुका आरोग्य अधिकाऱ्याने ते भूजल यंत्रणेच्या माणसाला शेजारी बसवून वाचले, तर कुठल्या गावापासून सुरुवात करायची हे ठरवायला मदत होईल.

तपासणी उन्हाळ्यात एकदा करून भागत नाही. पहिले मोठे पाऊस उकिरड्यांतले आणि शेतातले नायट्रेट विहिरीत उतरवतात, म्हणून दुसरी तपासणी पावसाळ्यानंतर हवी. ज्या घरात सहा महिन्यांखालचे बाळ आहे त्या घराची विहीर आधी. अंगावरच्या दुधात नायट्रेट फारसे उतरत नाही, तेव्हा पहिले सहा महिने आईचेच दूध. ते शक्य नसेल, तर वरचे दूध कालवायला तपासलेल्या नळाचे किंवा आरओचे पाणी घ्यावे, आणि तेच उकळून गार करावे.