रूळ नसलेल्या मतदारसंघाचा रेल्वेमंत्री

मार्च १९७७ मध्ये मधू दंडवते देशाचे रेल्वेमंत्री झाले, तेव्हा त्यांच्या राजापूर मतदारसंघात रेल्वेचा फूटभरही रूळ नव्हता. देवगड, मालवण, कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी या मुलखातल्या माणसाला आगगाडी दिसायची ती मुंबईत गिरणीत लागल्यावर, नाहीतर घाट चढून कोल्हापूर-बेळगावकडे गेल्यावर. चाकरमान्याला गणपतीला गावी यायचं तर एसटीने रात्रभर वळणं घेत यावं लागे. त्याच्या वडिलांच्या पिढीने भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटीने प्रवास केला, पण ऐन पावसाळ्यात त्या बोटीही बंद असत. आपलाच माणूस रेल्वेमंत्री झाला म्हटल्यावर कोकणाने त्या दिवशी केवढी आशा धरली असेल, ते सांगायला नको.

दंडवत्यांना कोकणात सगळे नाना म्हणत. नानांचं मंत्री म्हणून आजही आठवलं जाणारं काम म्हणजे दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातल्या लाकडी फळ्यांवर आलेली दोन इंचांची गादी. तोवर पहिल्या वर्गाला मऊ आसन आणि दुसऱ्याला फळी, हेच ठरलेलं होतं. डिसेंबर १९७७ मध्ये मुंबई ते हावडा ही गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली, तिला वर्गच नव्हते. १९७४ च्या रेल्वे संपात ज्यांच्या नोकऱ्या गेल्या होत्या, त्या कामगारांना त्यांनी परत कामावर घेतलं. यातलं काहीही एकट्या राजापूरसाठी नव्हतं. तरीही हे सारं मला राजापूरच्या खासदाराचं काम वाटतं. गावात पोटाला मिळत नाही म्हणून दूर जाणारी, मनीऑर्डरीवर घर चालवणारी आणि वर्षातून एकदा हाल सोसून परत येणारी माणसं ज्याने सहा वर्षं जवळून पाहिली, त्याला स्वस्त तिकिटावरच्या प्रवाशाची पाठ दिसणारच. आपल्या मतदाराचा अनुभव त्याने देशभरच्या प्रवाशांच्या कामी लावला.

खासदार लोकसभेत नेमका कोणाचा, हा वाद जुना आहे. मतदारसंघाने पाठवलं म्हणून तो फक्त मतदारसंघाचा, की सभागृहात पाऊल टाकलं की देशाचा? मला हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा केलेला वाटतो. गावचं गाऱ्हाणं देशाच्या धोरणाला कुठे जाऊन भिडतं, ती जागा ज्याला सापडते तो खासदार एकाच भाषणात दोन्ही कामं करतो. ज्याला ती सापडत नाही, तो एकतर गावाच्या याद्या वाचत बसतो, नाहीतर गाव विसरून देशावर बोलतो.

राजापूरला या बाबतीत मोठी परंपरा लाभली. दंडवत्यांच्या आधी तिथून बॅरिस्टर नाथ पै १९५७ पासून लागोपाठ तीन वेळा निवडून आले. वेंगुर्ल्याचा हा माणूस लोकसभेत बोलायला उभा राहिला की सत्ताधारी बाकांवरचेही कान देऊन ऐकत, अशी त्यांची कीर्ती. गोव्याची मुक्ती, सीमाभागातल्या मराठी माणसांचा प्रश्न, कोकणची रेल्वे हे विषय त्यांनी दिल्लीत लावून धरले. त्याच माणसाने गोलकनाथ खटल्याच्या निकालानंतर, १९६७ मध्ये, संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार पुन्हा प्रस्थापित करणारं खासगी विधेयक मांडलं. त्या विधेयकावर देशभर चर्चा झाली, ते संयुक्त समितीकडे गेलं, पण मंजूर झालं नाही. पुढे १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने तेच सूत्र स्वीकारलं, तेव्हा नाथ पै हयात नव्हते. १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात त्यांचं निधन झालं. आदल्या दिवशी ते तिथे सीमालढ्यातल्या हुतात्म्यांच्या स्मृतिसभेत बोलले होते. त्यांच्या संसदीय आयुष्यात घटनेचा प्रश्न आणि बेळगावचा प्रश्न शेजारी शेजारी नांदले, आणि एकाने दुसऱ्याची जागा खाल्ली नाही.

त्यानंतर दोनच महिन्यांनी निवडणूक झाली. इंदिरा गांधींच्या लाटेत प्रजा समाजवादी पक्षाचे साऱ्या देशातून दोन खासदार उरले, त्यांतले एक दंडवते. ते मूळचे अहमदनगरचे, मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे प्राध्यापक. दोन जणांच्या पक्षाला लोकसभेत बोलायला मिनिटं किती मिळणार, याची कल्पना करा, कारण तिथे चर्चेचा वेळ पक्षाच्या संख्याबळावर वाटला जातो. म्हणून त्या माणसाने नियमांचा अभ्यास केला. प्रश्न विचारायचा कुठल्या नियमाखाली, हरकत घ्यायची केव्हा, पुरवणी प्रश्नात मंत्र्याला कुठे अडवायचं, हे सगळं त्यांना प्राध्यापकाच्या शिस्तीने पाठ असे. कोकण रेल्वेची मागणी त्यांनी सत्तेबाहेर राहून केली आणि सत्तेत असतानाही सोडली नाही.

अडचण पैशाची होती, आणि त्याहून अधिक हिशेबाच्या पद्धतीची. नव्या मार्गाला मंजुरी देताना सरकार विचारायचं, यातून परतावा किती? कोकणात कारखाने नाहीत म्हणून मालवाहतूक नाही, मालवाहतूक नाही म्हणून परतावा नाही, परतावा नाही म्हणून रेल्वे नाही, आणि रेल्वे नाही म्हणून कारखाने येत नाहीत. एका जिल्ह्याच्या निवेदनाने हे चक्र तुटणार नव्हतं. मागणी ‘आमच्या रत्नागिरीला गाडी द्या’ एवढीच राहिली असती, तर ती आजही फायलीत पडून असती. ती मांडली गेली पश्चिम किनाऱ्याचा मार्ग म्हणून. मुंबई, गोवा, कारवार, मंगळूर आणि पुढे केरळ जोडणारी, मुंबई-मंगळूर प्रवासातले हजाराहून अधिक किलोमीटर वाचवणारी ही रेषा आहे, हे पटवल्यावर चार राज्यांचा तिच्यात हितसंबंध तयार झाला.

योग जुळून आला तो डिसेंबर १९८९ मध्ये. विश्वनाथ प्रताप सिंहांच्या सरकारात दंडवते अर्थमंत्री झाले, मंगळूरचे जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि उत्तर कन्नडचे रामकृष्ण हेगडे योजना आयोगाचे उपाध्यक्ष. तिघेही त्याच किनाऱ्याशी बांधलेले. रेल्वेच्या अर्थसंकल्पात एवढा पैसा नव्हता, म्हणून वेगळं महामंडळ काढायचं ठरलं. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. त्यात केंद्राचा ५१ टक्के वाटा, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळचा प्रत्येकी ६. उरलेली रक्कम रोख्यांतून उभी राहिली. ई. श्रीधरन यांच्याकडे काम सोपवलं गेलं. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सातशे चाळीस किलोमीटर, जवळजवळ दोन हजार लहानमोठे पूल, नव्वदहून अधिक बोगदे. एकटा करबुडेचा बोगदाच साडेसहा किलोमीटरचा. जानेवारी १९९८ मध्ये संपूर्ण मार्गावर गाडी धावली.

तेव्हा दंडवते खासदार नव्हते. १९९१ मध्ये, कामाला सुरुवात झालेली असताना, राजापूरने त्यांना हरवलं. मतदारांना दोष द्यायला मी हे लिहीत नाही, निवडणुकीला दहा कारणं असतात. पण संसदेतल्या चिकाटीचं फळ पाच वर्षांच्या हिशेबात बसत नाही, हे त्यातून दिसतं, आणि आजच्या खासदाराला नेमकं तेच भेडसावतं. पुढच्या निवडणुकीत दाखवता येईल असं काम त्याला हवं असतं. ते काम खासदार निधीतून होतं. १९९३ मध्ये ही योजना आली. आता वर्षाला पाच कोटी रुपये मिळतात, त्यातून सभामंडप, व्यायामशाळा, बसथांबे आणि त्यांवर मोठी नावं. सरासरी पंचवीस लाख वस्तीच्या मतदारसंघाला पाच कोटी म्हणजे माणशी वीस रुपये. यासाठी आपण दिल्लीला माणूस पाठवायचा का?

त्याला तिथे पाठवायचं ते प्रश्न विचारायला, आणि त्यासाठी सभागृहात दारं बरीच आहेत. सकाळी अकराला प्रश्नोत्तराचा तास सुरू होतो. रोज वीस तारांकित प्रश्न यादीत असतात, पण प्रत्यक्षात चार-सहा प्रश्नांपर्यंतच मजल जाते आणि बाकीच्यांची उत्तरं लेखी येतात. तरीही पुरवणी प्रश्नाला मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं, हे बळ दुसऱ्या कशात नाही. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात साथीचं कारण देऊन हा तासच गाळला गेला, त्याचं मला आजही वाईट वाटतं. साथीत लोकांना सर्वांत जास्त प्रश्न पडले होते. बारा वाजता शून्य प्रहर, तिथे चिठ्ठी निघाली तर दोन-तीन मिनिटं मिळतात आणि मंत्र्यावर उत्तराचं बंधन नसतं. नियम ३७७ खाली लेखी मजकूर मांडता येतो, त्याचं उत्तर पुढे कधीतरी पत्राने येतं. शुक्रवारी दुपारी खासगी विधेयकं. १९५२ पासून अशी चौदाच विधेयकं कायद्यात उतरली, शेवटचं १९७० मध्ये.

एक दार मात्र बंद झालं. १९२४ पासून स्वतंत्र मांडला जाणारा रेल्वे अर्थसंकल्प २०१७ मध्ये सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन झाला. त्याच्या चर्चेत कोपऱ्याकोपऱ्यातल्या खासदारांची नावं लागत, सभागृह रात्री उशिरापर्यंत बसे, आणि ज्या स्थानकांची नावं एरवी कोणी घेत नाही ती इतिवृत्तात उमटत. रेल्वेच्या मागण्यांवर आजही कधी कधी चर्चा होते, पण दरवर्षी हमखास येणारा तो प्रसंग गेला. कारभाराच्या दृष्टीने विलीनीकरणाला कारणं होती, ती मला समजतात. दूरच्या तालुक्याचं मात्र नुकसान झालं.

आज कोकण रेल्वेसारखा प्रश्न कुठला, असं कोणी विचारलं तर मी नाशिकच्या कांद्याकडे बोट दाखवीन. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क आलं, ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली. लासलगाव, पिंपळगावच्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले, शेतकरी रस्त्यावर उतरले. ऐन लोकसभा निवडणुकीत, ४ मे २०२४ रोजी, बंदी उठली, पण शुल्क आणि किमान निर्यात दराची अट राहिली. शुल्क पूर्ण गेलं ते १ एप्रिल २०२५ ला. संसदेत या विषयावर आवाज उठला. कांद्याच्या माळा घालून खासदारांनी आवारात निदर्शनं केली. चाळीत कांदा सडताना पाहणाऱ्याला ती माळ आपली वाटते, हे खरं आहे, आणि ती घालणाऱ्यांच्या कळकळीवर मला शंका नाही. पण दुसऱ्या बाजूला दिल्लीच्या एखाद्या खासदाराला त्याच्या मतदारसंघातली गृहिणी कांद्याचा दर विचारत असते, आणि तीही खरंच बोलत असते. दोघांच्या मधे उभं राहून ‘निर्यातीचा निर्णय एका रात्रीत अधिसूचनेने का होतो? उत्पादकाला आगाऊ सूचना का नाही? बंदीमुळे झालेलं नुकसान कोणी भरून द्यायचं?’ हे विचारणं म्हणजे नाशिकचं गाऱ्हाणं देशाच्या नियमाचा प्रश्न करणं. तो कांद्यापुरता राहत नाही. गहू, तांदूळ, साखर पिकवणारेही त्यात येतात, आणि पंजाबचा खासदारही मग नाशिकच्या बाजूने उभा राहू शकतो. किनाऱ्याच्या रेल्वेने चार राज्यं अशीच जोडली होती.

हे करायला अभ्यास लागतो, माणसं लागतात, आणि पक्षाने मोकळीक द्यावी लागते. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर मतदानात खासदाराचे हात पक्षादेशाने बांधलेले आहेत, पण प्रश्न विचारण्यावर कुठलाही पक्षादेश चालत नाही. सत्ताधारी बाकांवरच्या खासदारालाही तारांकित प्रश्न देता येतो. आपण मतदार म्हणून त्याच्याकडे शिष्टमंडळ घेऊन जातो, तेव्हा सभामंडपाचं निवेदन देतो आणि फोटो काढून परततो. या अधिवेशनात कुठले प्रश्न दिलेत, त्यांची उत्तरं काय आली, हे विचारणारं शिष्टमंडळ क्वचितच कुणाच्या दारात जात असेल. खासदाराला तेच विचारलं जाईल हे कळलं, तर तो त्याची तयारी करील.

विषय कोकण रेल्वेवर येऊन थांबतो, कारण तिचा प्रश्न पुन्हा उभा आहे. राजापूर नावाचा मतदारसंघ मतदारसंघांच्या पुनर्रचनेत गेला, त्याच्या जागी रत्नागिरी-सिंधुदुर्ग आला. राजापूरचेच माजी खासदार सुरेश प्रभू २०१४ मध्ये रेल्वेमंत्री झाले. मार्गाचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. दुहेरी रूळ मात्र रोहा ते वीर या पहिल्या तुकड्यापुरतेच, पुढे सगळी एकेरी वाट. गणपतीच्या दिवसांत गाड्या एकमेकींना वाट देत तासन्‌तास खोळंबतात. ज्या महामंडळाच्या युक्तीने ही रेल्वे उभी राहिली, तेच महामंडळ आता अडसर झालंय, कारण भारतीय रेल्वेसारखा थेट पैसा त्याला मिळत नाही. महामंडळाच्या भारतीय रेल्वेतल्या विलीनीकरणाला महाराष्ट्राने मे २०२५ मध्ये संमती दिली. चारही राज्यांच्या भागभांडवलाचं काय, दुहेरीकरणाला पैसा कधी आणि किती, सावंतवाडीच्या अर्धवट टर्मिनसचं काय, वैभववाडी-कोल्हापूर मार्गाचं काम केव्हा सुरू होणार, हे प्रश्न रोह्यापासून मंगळूरपर्यंतच्या सगळ्या खासदारांनी मिळून, एकाच आठवड्यात, तारांकित म्हणून द्यावेत. पंधरा दिवस आधी नोटीस द्यावी लागते.