पुरस्कार आला, शिस्तीचे काय?

चित्रपटातील पात्रांसाठी योग्य कलावंत शोधणाऱ्या मंडळींना ऑस्करच्या मांडवात अखेर पाट मांडला गेला आहे. २०२५ मध्ये प्रदर्शित झालेल्या चित्रपटांपासून, म्हणजे ९८ व्या सोहळ्यापासून, पात्रनिवडीसाठी स्वतंत्र पुरस्कार देण्याचा निर्णय अकादमीने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केला होता. यापूर्वी नवा विभाग सुरू झाला तो २००१ च्या चित्रपटांसाठी, अॅनिमेशनपटांचा. त्यानंतर सुमारे पाव शतकाने हे दार उघडले. साहजिकच मुंबईतील कास्टिंग डायरेक्टर मंडळींमध्येही आनंदाचे वातावरण आहे आणि आपल्याकडेही असाच पुरस्कार हवा, अशी मागणी पुढे येऊ लागली आहे. मागणी रास्त आहे. परंतु ती अर्धी आहे.

अमेरिकेत हा मान काही आकाशातून पडलेला नाही. १९८२ साली तेथील पात्रनिवड करणाऱ्यांनी लॉस एंजेलिसमध्ये आपली व्यावसायिक संस्था स्थापन केली. ‘कास्टिंग सोसायटी ऑफ अमेरिका’ हे तिचे नाव. आता ती नुसती ‘कास्टिंग सोसायटी’ म्हणून ओळखली जाते. १९८५ पासून ही संस्था ‘आर्टिओस’ पुरस्कार देत आहे. नेमका जुळलेला, चपखल, असा या ग्रीक शब्दाचा अर्थ. आपले कौतुक दुसरे कोणी करत नाही म्हटल्यावर आपणच ते करावे, असा हा सरळ हिशेब होता. दिग्दर्शकांच्या संघटनेचा तर ‘डायरेक्टर’ या शब्दालाच आक्षेप होता. त्यामुळे हॉलिवूडच्या श्रेयनामावलीत आजही केवळ ‘कास्टिंग बाय’ असेच लिहिले जाते. अकादमीत या व्यवसायाची स्वतंत्र शाखा झाली ती २०१३ मध्ये, आणि लिन स्टॅलमास्टर यांना मानद ऑस्कर मिळाले ते २०१६ मध्ये. ब्रिटनच्या ‘बाफ्टा’ने मात्र २०२० सालीच हा पुरस्कार सुरू केला.

‘बाफ्टा’चा विषय निघाला म्हणून एक आठवण नोंदवावीशी वाटते. ‘गांधी’ (१९८२) चित्रपटातील कस्तुरबांच्या भूमिकेसाठी रोहिणी हट्टंगडी यांना ‘बाफ्टा’ मिळाले, याचा मराठी माणसाला आजही अभिमान आहे. त्या चित्रपटाच्या भारतातील पात्रनिवडीचे काम डॉली ठाकोर यांनी केले होते, हे किती जणांना ठाऊक असेल? ‘बँडिट क्वीन’ (१९९४) साठी हेच काम तिग्मांशू धुलिया यांनी केले आणि मनोज वाजपेयी, सौरभ शुक्ला, निर्मल पांडे यांच्यासारखे रंगभूमीवरचे चेहरे पडद्यावर आले. मराठीत ‘कोर्ट’चे (२०१४) उदाहरण तर अभ्यासण्यासारखे आहे. या चित्रपटासाठी सचित पुराणिक यांनी जे चेहरे शोधले, त्यांत बरेच जण कधी कॅमेऱ्यासमोर उभेही राहिलेले नव्हते. मध्यवर्ती लोकशाहिराची भूमिका केलेले वीरा साथीदार हे मूळचे कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’चे संपादक. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. राष्ट्रीय पुरस्कारांत पात्रनिवडीचा विभाग नसल्याने त्या शोधाची वेगळी दखल घेण्याची सोयच नव्हती, आणि अद्यापही नाही.

इथवर मानाची गोष्ट झाली. आता दुसऱ्या बाजूकडे वळू. त्यासाठी मुंबईबाहेर, थेट मराठवाड्यात जावे लागेल.

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यात गोरेगाव नावाचे गाव आहे. मुंबईतही गोरेगाव आहे आणि राज्य शासनाने १९७७ साली उभारलेली चित्रनगरी तेथेच आहे. नाव एक, पण या गोरेगावातून त्या गोरेगावात जाऊ पाहणाऱ्या तरुणाला कोणते दार ठोठवायचे, हे सांगणारे अधिकृत असे कोणीही नाही. २०२४ पासून मुंबईची जनशताब्दी हिंगोलीपर्यंत येते, म्हणजे प्रवासाची अडचण काहीशी कमी झाली. पुढची अडचण मोठी आहे. ‘मोठ्या बॅनरची मालिका, नवे चेहरे हवेत’ असा निरोप मोबाइलवर येतो, फोटो मागवले जातात, ‘तुमची निवड झाली’ असे कळवले जाते आणि मग नोंदणी, पोर्टफोलिओ, ओळखपत्र अशा नावांनी पैसे मागितले जातात. मोठ्या निर्मितीसंस्थांना ‘आम्ही कोणाकडून पैसे घेत नाही’ असे खुलासे वेळोवेळी करावे लागतात, यावरून हा धंदा किती पसरला आहे याची कल्पना यावी. हे खुलासे इंग्रजीत, समाजमाध्यमांवर असतात. ते सेनगाव तालुक्यात कोण वाचणार?

मुळात या व्यवसायात पैसा कोणी कोणाला द्यायचा, हाच कळीचा मुद्दा आहे. कास्टिंग डायरेक्टरचे मानधन निर्माता देतो. कलावंताच्या मिळकतीतून टक्केवारी घेतो तो त्याचा एजंट. पहिला निवडणाऱ्याच्या बाजूचा, दुसरा निवडल्या जाणाऱ्याच्या. हॉलिवूडमध्ये या दोहोंत स्पष्ट रेषा आहे. आपल्याकडे पूर्वी को-ऑर्डिनेटर आणि ज्युनियर आर्टिस्ट पुरवणारे सप्लायर ही कामे करीत. त्यांचा हिशेब टक्केवारीचा, तोही उघड. आता नाव बदलले, कचेऱ्या वातानुकूलित झाल्या, तरी ती रेषा पुसटच राहिली. एकच व्यक्ती पात्रनिवड करते, कलावंतांचे व्यवस्थापन पाहते आणि शुल्क घेऊन अभिनयाची शिबिरेही भरवते, तेव्हा निवड गुणांवर झाली की शिबिराच्या पावतीवर, हे कोण ठरवणार?

अर्थात संघटना असली म्हणजे सगळे सुरळीत होते, असेही नाही. ‘कास्टिंग सोसायटी’ ही कामगार संघटना नव्हे. वेतन आणि आरोग्यविम्यासाठी तेथील कास्टिंग डायरेक्टरांना २००५ मध्ये ट्रकचालकांच्या ‘टीमस्टर्स’ या बलाढ्य युनियनमध्ये सामील व्हावे लागले. तसेच संस्था आणि तिचे पुरस्कार असतानाही ‘पैसे भरा, कास्टिंगवाल्यांना भेटा’ छापाच्या कार्यशाळा लॉस एंजेलिसमध्ये फोफावल्याच. कॅलिफोर्नियाने २००९ मध्ये कायदा करून काम मिळवून देण्यासाठी आगाऊ रक्कम घेण्यास बंदी घातली, आणि २०१७ मध्ये लॉस एंजेलिसच्या नगर वकिलाने अशा पाच कार्यशाळांशी संबंधित अनेक जणांवर खटले भरले. त्यांत पात्रनिवडीच्या क्षेत्रातील मंडळीही होती.

आपल्या देशात तर प्रश्न केवळ पैशाचा नाही. मल्याळम चित्रसृष्टीतील स्त्रियांच्या स्थितीबाबतचा न्यायमूर्ती हेमा समितीचा अहवाल डिसेंबर २०१९ मध्ये सादर झाला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये लोकांसमोर आला. काम मिळण्याच्या उंबरठ्यावरच स्त्रीकडून काय अपेक्षिले जाते, याचे त्यातील वर्णन अस्वस्थ करणारे आहे. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा कायदा २०१३ चा. पण भाड्याच्या फ्लॅटमध्ये चाललेल्या ऑडिशनची तक्रार नेमकी कोणत्या समितीकडे न्यायची, हे ऑडिशनला आलेल्या मुलीला कोणी सांगत नाही.

संघटनेचा एक धोकाही ध्यानात घ्यावा लागेल. आपल्या चित्रपटसृष्टीत संघटना म्हटली की कार्ड आले, कार्ड म्हटले की शुल्क आले आणि ज्याच्यापाशी कार्ड नाही त्याला मज्जाव आला. नागराज मंजुळे यांनी ‘फँड्री’साठी करमाळा तालुक्यातील केम गावचा सोमनाथ अवघडे निवडला, ‘सैराट’साठी अकलूजची रिंकू राजगुरू निवडली. दोघांचाही राष्ट्रीय पुरस्कारांत गौरव झाला. हे शोध दिग्दर्शकाच्या नजरेने आणि ओळखीच्या मुलखात लागले. उद्या कोणत्याही संघटनेच्या नियमाने असा शोध अडू नये. पुण्या-मुंबईच्या एकांकिका स्पर्धांपलीकडे न पाहण्याची मराठी निर्मात्यांची जुनी सवय मोडली ती अशाच निवडींनी.

तेव्हा हवी आहे ती निवडणाऱ्यांवर बंधन घालणारी संस्था, निवडले जाऊ इच्छिणाऱ्यांवर नव्हे. सभासदांची नावे मराठीतून सर्वांसाठी खुली असावीत, कलावंताकडून एक रुपयाही न घेण्याची लेखी हमी असावी, आणि ती मोडल्यास नाव वगळले जावे. आर्टिओससारखे पुरस्कार मग खुशाल द्यावेत. मुंबईत प्रत्येक कसबाच्या संघटना महासंघाच्या छत्राखाली आहेत, कलावंतांची ‘सिंटा’ आहे, मराठीपुरते चित्रपट महामंडळ आहे. इच्छा असेल तर यातील कोणीही पुढाकार घेऊ शकेल.

मराठीत प्रारंभ अधिक सोपा आहे. छोट्या मराठी चित्रपटांत पात्रनिवडीचे काम बहुधा एखाद्या सहायक दिग्दर्शकाच्या गळ्यात पडते, विनामोबदला आणि विनाश्रेय. राज्य शासन मराठी चित्रपटांना अनुदान देते. पात्रनिवड कोणी केली, त्याचे नाव श्रेयनामावलीत आहे काय, आणि ऑडिशनसंबंधी तक्रार कोठे करावी हे जाहिरातीत छापले होते काय, एवढे तीन प्रश्न त्या अनुदानाच्या अर्जात घालता येतील. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. अर्जाच्या नमुन्यात तीन रकाने वाढवावे लागतात.