मशीन जुनं घ्या, पण मोटार नवीच घ्या



परवाच्या व्हिडिओत मी म्हणालो की मिरची कांडप मशीन सेकंड हॅण्ड घेतलं तरी चालेल, पण मोटार नवीच घ्या. तिथे हिशोब घाईत झाला, म्हणून इथे नीट मांडतो. वही-पेन घेऊन बसा.

आधी माझीच चूक सांगतो. किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत कांडप सुरू केलं तेव्हा मशीन, मोटार, स्टार्टर सगळं जुनंच उचललं. ११ हजार वाचले म्हणून खूश! मोटार रिवाइंड केलेली होती. विकणारा म्हणाला, "अहो, नव्यासारखी चालते." चाललीही. मग एप्रिल आला, ऐन मसाल्याचा सीझन. संध्याकाळी व्होल्टेज पडायचं. व्होल्टेज पडलं आणि लोड तेवढाच राहिला की मोटार जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग तापतं, हे मला तेव्हा कुठे माहीत? एके दिवशी जळका वास आला आणि मोटार बसली. चार दिवस मिरचीच्या पिशव्या पडून. काकू, मावशी आपापली पिशवी उचलून पलीकडच्या गिरणीत गेल्या. त्यातल्या निम्म्या परत आल्याच नाहीत. बीबीएला मला ब्रेक-इव्हन काढायला शिकवलं होतं, मोटारीची नेमप्लेट वाचायला नाही.

आता मुद्दा. मोटार म्हणजे वीज घेऊन फिरण्याची ताकद देणारं यंत्र. पण घेतली तेवढी वीज ती कधीच परत देत नाही. थोडी उष्णता होऊन उडून जाते, आणि मीटर तिचेही पैसे लावतो. नेमप्लेटवर ५ एचपी लिहिलंय ते मोटार देते ती ताकद. १ एचपी म्हणजे ७४६ वॉट, म्हणजे ५ एचपीचे ३.७३ किलोवॉट झाले. चांगल्या आयई ३ मोटारीची कार्यक्षमता ८८ टक्के धरा, म्हणजे पूर्ण लोडवर ती तासाला ४.२४ युनिट खाईल. खराब रिवाइंड झालेली ७८ टक्क्यांवर आली असं धरा, ती ४.७८ युनिट खाईल. फरक अर्ध्या युनिटचा. एवढंसं ना?

रोज ६ तास, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे १८०० तास. फरक झाला जवळपास ९८० युनिटचा. दर ८ रुपये धरला (तुम्ही तुमच्या बिलावरचा घ्या), तर वर्षाला ७,८०० रुपये. माझे वाचलेले ११ हजार दीड वर्षात असे गेले असते, मोटार न जळता! आणि हे दरवर्षी.

सगळंच रिवाइंडिंग वाईट असतं असं नाही हं. कारागीर चांगला असेल, तारेची जाडी तीच ठेवली असेल, तर फरक थोडाच पडतो. पण जुनं वाइंडिंग काढताना भट्टीत जास्त तापवून आतले पत्रे बिघडवले असतील तर ते बाहेरून तुम्हाला-मला दिसत नाही. म्हणून मी तो जुगार खेळत नाही.

"सर, भांडवलच कमी आहे," असं बरेच जण म्हणतात. खरंय. म्हणूनच सांगतो, बॉडी, स्टॅण्ड, पुली जुनी घ्या. ते लोखंड आहे, ते वीज खात नाही. बेल्ट मात्र बदला, सैल बेल्ट घसरतो आणि तिथेही ताकद वाया जाते. आणि ५ एचपीचं काम असताना "असू दे जास्तीची" म्हणून १० एचपी घेऊ नका. अर्ध्याहून कमी लोडवर चालणारी मोटार कार्यक्षमता घालवते.

एवढं सांगूनही जुना सेट घ्यायचाच असेल, तर घरून दोन किलो वाळलेली मिरची घेऊन जा. रिकामी मोटार कुणीही फिरवून दाखवतो. तुम्ही म्हणा, "दादा, ही मिरची टाका आणि अर्धा तास लोडवर चालवा." तो टाळाटाळ करायला लागला तर चहा प्या आणि मिरची घेऊन घरी या.