चित्र कोणाचें?

दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारला फोटोचें वावडें होतें असें कोणी म्हणेल, तर तें आम्हांस कबूल नाहीं. १९५२ च्या कायद्यानें सोळा वर्षांवरील काळ्या माणसाच्या गळ्यांत जें पासबुक बांधलें, त्यांत त्याचा फोटो असे आणि सरकार त्याच्या बोटांचे ठसेही घेई. तें बुक अंगावर नसलें कीं रस्त्यांतून थेट तुरुंगाची वाट. म्हणजे काळा चेहरा सरकारला हवा होता, पण तो पासबुकांतला, गप्प बसलेला! तोच माणूस मूठ आवळून चव्हाट्यावर आला, म्हणजे त्याचें चित्र मात्र सरकारच्या डोळ्यांत खुपे. आणि १९८५ पासूनच्या आणीबाणींत तर दंग्यांची चित्रें घेण्यावर उघड बंदीच घातली गेली.

२१ मार्च १९६० रोजीं शार्पव्हिल येथें लोक हींच पासबुकें न घेतां पोलिस ठाण्यावर गेले व म्हणाले, आम्हांला पकडा. पोलिसांनीं गोळ्या झाडल्या. त्या वेळच्या सरकारी मोजणीप्रमाणें ६९ माणसें मेलीं. जमाव हिंसक होता, असें सरकारपक्षाचें म्हणणें. इयान बेरी हा गोरा छायाचित्रकार त्या दिवशीं तेथें हजर होता, आणि त्याच्या चित्रांत बायामाणसें पाठ फिरवून जीव घेऊन पळत आहेत. एवढ्यानेंच सरकारी खुलाशाचें पितळ उघडें पडलें. बेरीचे उपकार आम्ही मानतों.

परंतु ज्याच्या पाठीवर वळ, त्यानेंच कॅमेरा हातीं धरला म्हणजे काय सोसावें लागतें, तें पीटर मागुबाने यांस विचारावें लागलें असतें. (ते जानेवारी १९२४ नव्हे, १ जानेवारी २०२४ रोजीं वारले, शंभर वर्षांपूर्वींची गोष्ट आम्ही सांगत नाहीं.) 'ड्रम' मासिकांत मोटार हांकण्यापासून त्यांनीं सुरुवात केली. कॅमेरा पावाच्या पोटांत लपविला, दुधाच्या खोक्यांत लपविला, आणि आंतून कोरलेल्या बायबलांतही लपविला. धर्मग्रंथाचा इतका सदुपयोग आमच्या पाहण्यांत दुसरा नाहीं! बदल्यांत त्यांना ५८६ दिवस एकांत कोठडी मिळाली, आणि पुढें पांच वर्षें काम करण्याचीही बंदी.

१९७६ सालीं सोवेटोंतल्या पोरांनीं आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध शाळा सोडल्या, तेव्हां आमचे फोटो नकोत, असें तीं मागुबाने यांस म्हणालीं. त्यांचें भय खोटें नव्हतें. चित्रावरून पोलिस घर शोधीत येतात. मागुबाने यांनीं त्यांना समजाविलें, कीं ज्या लढ्याची नोंद राहत नाहीं, तो लढा झालाच नाहीं असें उद्यां सांगतील. आम्हांस हें पटतें. ज्यांच्या बापजाद्यांचा इतिहास दुसऱ्यांनीं लिहिला, त्यांना हें शिकवावें लागत नाहीं.

आतां मुख्य मुद्दा. १६ जून १९७६ रोजीं 'द वर्ल्ड' पत्राचे सॅम न्झिमा यांनीं एक चित्र टिपलें. बारा वर्षांचा हेक्टर पीटरसन गोळी लागून पडला आहे, म्बुयिसा मखुबो त्याला दोन्ही हातांवर उचलून धांवतो आहे, आणि शेजारीं हेक्टरची बहीण आक्रोश करीत पळते आहे. फिल्म मोज्यांत दडवून न्झिमांनीं ती कचेरीपर्यंत पोंचविली. चित्र जगभर छापलें गेलें. न्झिमांना काय मिळालें? पोलिसांचा ससेमिरा. नोकरी सोडून ते गांवीं गेले, तर तेथेंही नजरकैद. आणि चित्राची मालकी? पत्र काळ्यांनीं वाचावयाचें, पण भांडवल गोऱ्यांचें. तेव्हां चित्र पत्राच्या मालकांचें! न्झिमांस त्याचा हक्क मिळाला १९९८ सालीं. मधल्या बावीस वर्षांत वर्णद्वेषाचें राज्य बुडालें, मंडेला अध्यक्ष झाले, पण हा कागद कांहीं हलला नाहीं. कोणी म्हणेल, कायदाच तसा होता. पासबुकाचाही कायदाच होता!

म्हणून १९८२ मध्यें ओमर बादशा या डरबनच्या हिंदी वंशाच्या गृहस्थांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं 'अफ्रापिक्स' ही छायाचित्रकारांची स्वतःची मंडळी काढली, याचें मोल आम्हांला बेरीच्या चित्रांहून तसूभरही कमी वाटत नाहीं.

राहतां राहिला तो पोराला उचलणारा म्बुयिसा. पोलिसांच्या जाचानें तो देश सोडून गेला. १९७८ सालीं नायजेरियाहून त्याचें पत्र आईस आलें. त्यानंतर त्याची खबर तिला मिळाली नाहीं. चित्राच्या उत्पन्नांतला एक पैसा तरी त्या माउलीच्या हातीं ठेवावा, असें त्या बावीस वर्षांत कोणा मालकाच्या मनांत आलें होतें काय?