घरचा काटा : निवड आणि मांडणी

सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरच्या तामलवाडीहून एका वाचकांचे पत्र आले आहे. मुलाला नेमबाजीचा छंद आहे. काडतुसे घरी भरायची तर काटा कोणता घ्यावा, मेज कसे मांडावे, असे ते विचारतात. जाता जाता पुस्ती जोडतात, ‘त्याच काट्यावर घरचे सोने तोलता येईल ना?’

पहिल्या प्रश्नाला आधी कायद्याचे उत्तर. काडतुसे आणि बंदुकीची दारू यांना १९५९ चा शस्त्र कायदा व १८८४ चा स्फोटक कायदा लागू आहे. तेव्हा जिल्हाधिकारी कचेरीत रीतसर विचारणा केल्यावाचून हे काम घरी आरंभू नये. दिवाळीत, पणत्या तेवत असताना तर मुळीच नको.

आता काट्याकडे वळू. काडतुसातली दारू तोलतात ती ‘ग्रेन’मध्ये. गंमत अशी, की आपला जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा होता. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा; ग्रॅममध्ये सांगायचे तर ११.६६. मेट्रिक वजनांचा कायदा १९५६ साली झाला आणि १९५८ पासून ती वजने चालू झाली. तोळा हा शब्द मात्र राहिला, आणि आज बोलण्यात तो १० ग्रॅमचा झाला. यातूनच घरोघरी वाद होतात. समजा, अलीकडच्या यादीत ‘पाटल्या, ५ तोळे’ असे लिहिले आहे. त्या ५० ग्रॅमच भरणार. पण जुन्या हिशेबाने ५८.३ धरून बसलेल्या थोरल्यांना आठ ग्रॅम सोने कमी दिसते, आणि संशय येतो तो बिचाऱ्या सुनेवर! म्हणून यादीत तोळे लिहू नयेत, ग्रॅम लिहावेत.

काटा घेताना दोन आकडे पाहावेत: जास्तीत जास्त किती वजन पेलतो आणि कमीत कमी किती फरक दाखवतो. घरच्या सोन्याला ०.०१ ग्रॅमचा फरक दाखवणारा काटा पुरे. पण ०.०१ ग्रॅम म्हणजे सुमारे ०.१५ ग्रेन, दारूला ०.१ ग्रेनची, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅमची नेमकाई लागते. तेवढ्या बारीक स्वस्त काट्यांची झेप बहुधा थोडी असते. जड पाटल्या त्याला पेलत नाहीत. सारांश, एका काट्यात दोन्ही कामे साधत नाहीत. शिवाय दारू आणि दागिने एका मेजावर आणूच नयेत.

मेज जड असावे, डुगडुगू नये. काटा पाणसळीत बसवावा. वर पंखा नको, शेजारी उघडी खिडकी नको. वाऱ्याच्या झुळुकीनेही आकडा हलतो. विजेचा काटा थोडा वेळ आधी चालू करून ठेवावा आणि खात्रीच्या वजनाने, जिथे वापरायचा तिथेच, जुळवून घ्यावा. गुरुत्वाकर्षण स्थळागणिक किंचित बदलते, आणि हा काटा त्याचाच जोर मोजतो.

दांडीच्या तराजूला ती अडचण नाही, विजेचीही गरज नाही. त्याची परीक्षा मात्र सोपी आहे. रिकाम्या पारड्यांत पासंग नाही ना ते पाहावे. मग जिन्नस एका पारड्यात आणि वजने दुसऱ्यात घालून तोलावे, नंतर पारडी बदलून पुन्हा तोलावे. दोन्ही वेळा आकडा एकच आला, तर दांडीच्या भुजा सारख्या. थोडा फरक आला, तर दोन्ही आकड्यांची सरासरी खऱ्या वजनाच्या अगदी जवळ असते.

घरच्या काट्याला सरकारी शिक्का लागत नाही. दुकानातल्या काट्याला लागतो: विजेच्या काट्याची दर वर्षी, दांडीच्या तराजूची दर दोन वर्षांनी फेरतपासणी व्हावी लागते. पाडव्याला सोने घ्याल, तेव्हा आधी तो शिक्का आणि त्यावरचे वर्ष पाहा. सराफाला राग येण्याचे कारण नाही. घरी आल्यावर दागिना पुन्हा तोला, वजन ग्रॅममध्ये लिहा, तारीख घाला आणि कागद पावतीला जोडून ठेवा. वीस वर्षांनी वाटणीची वेळ आली, तर तो कागदच घरातली माया राखील.