सुरकुत्या आणि घरांतील हशा

आमच्या परिचयाच्या, साठी उलटलेल्या एका बाईंनीं परवां आम्हांस हळूच विचारलें, “सुई टोंचून सुरकुत्या घालवितात म्हणे, तें खरें का?” विचारतांना त्यांची नजर माजघराच्या दाराकडे होती. सुना ऐकतील, मुलें हंसतील, ही भीति!

तें खरें आहे. वयाबरोबर चेहऱ्यावरील मेद व खालचें हाड झिजतें, त्वचा पातळ होते व गाल बसतात. तेथें ‘फिलर’ नांवाचा पदार्थ पिचकारीनें भरतात; शस्त्रक्रिया लागत नाहीं. कल्पना जुनीच आहे. व्हिएन्ना येथील शस्त्रवैद्य गेर्सुनी यांनीं १८९९ सालीं पॅराफिन टोंचण्याचा प्रयोग केला. पुढें चेहऱ्यांत भरलेलें तें मेण सरकूं लागलें, त्याच्या गांठी झाल्या, आणि कित्येक स्त्रियांचे चेहरे विद्रूप झाले. आज मुख्यतः हायल्युरॉनिक आम्ल वापरतात. कार्ल मायर व जॉन पामर यांनीं १९३४ सालीं तें गुरांच्या डोळ्यांतून वेगळें काढलें. आपल्या त्वचेंतही तें असतेंच. त्याचा परिणाम बहुधा सहा महिने ते दीड वर्ष टिकतो, आणि हायल्युरॉनिडेज या औषधानें तें विरघळवितां येतें.

परंतु हा पदार्थ चुकून रक्तवाहिनींत शिरला तर तेथील त्वचा मरते; क्वचित् दृष्टीही कायमची जाते. टोंचल्यावर असह्य वेदना झाल्या, त्वचा पांढरी वा काळसर पडली, किंवा अंधुक दिसूं लागलें, तर त्याच घटकेस डॉक्टर गांठावा. म्हणून हें काम सौंदर्यगृहांतील मदतनिसाचें नव्हे. तें त्वचारोगतज्ज्ञाचें किंवा प्लास्टिक सर्जनचें. रक्त पातळ करणारें औषध चालू असेल तर तें आधीं सांगावें. पदार्थ कोणता, तो विरघळतो का, विरघळविणारें औषध जवळ आहे का, हे तीन प्रश्न निःसंकोच विचारावे.

आतां घरांतील मंडळींस दोन शब्द. कलप लावणाऱ्या आजोबांस कोणी हंसत नाहीं. मग आजीबाईंसच कां हंसावें? हंसण्यानें इच्छा मरत नाहीं, ती लपते. लपून जाणारी स्त्री स्वस्त जागा शोधते, एकटी जाते, आणि दुखलें तरी बोलत नाहीं. सुरकुत्या ठेवाव्या कीं घालवाव्या, हें ज्यांचें त्यांनीं ठरवावें. सोबत जाणें हें आपलें काम.

त्या बाईंस आम्हीं इतकेंच सांगितलें, “सूनबाईंस बरोबर न्या.” त्यांनीं अद्याप कांहींच ठरविलेलें नाहीं, पण तो प्रश्न त्यांनीं आतां माजघरांत मोठ्यानें विचारला आहे.